हरमान गोएट्झ : कपड्यांपासून अठराव्या शतकापर्यंत

औरंगजेबाचा मृत्यू १७०७ मध्ये झाला. त्यानंतरच्या शंभर वर्षांना जुन्या पाठ्यपुस्तकांत 'ऱ्हासाचा काळ' हे एकच नाव असे. या नावाबद्दल लवकर शंका घेणाऱ्या अभ्यासकांत हरमान गोएट्झ (१८९८–१९७६) हे जर्मन संशोधक होते. त्यांच्या कारकिर्दीची तेरा वर्षे मराठी राजघराण्याच्या बडोद्यात गेली, म्हणून मराठी वाचकाला त्यांची ओळख असणे जरुरीचे आहे.

गोएट्झ यांचा जन्म कार्ल्सरूहचा. त्यांचे सुरुवातीचे संशोधन मुघलकालीन दरबारी पोशाखावर होते. विषय किरकोळ वाटेल, पण त्यामागची पद्धत समजून घ्यावी. लघुचित्रांवर तारीख क्वचितच असते. कपडे मात्र बदलत राहतात. अकबराच्या काळातील जाम्याच्या घेराला खाली टोके असत, पुढे तो गोल झाला, आणि मुहम्मदशाहाच्या काळापर्यंत पार घोट्यापर्यंत उतरला. पगडीची बांधणी आणि पटक्याची रुंदी यांचेही तसेच. अशा खुणा एकमेकींशी जुळवल्या की चित्राचा काळ अंदाजे ठरतो. म्हणजे फॅशन हा इतिहासाचा पुरावा झाला. अर्न्स्ट क्यूनेल यांच्यासह त्यांनी बर्लिनमधील जहांगिराच्या चित्रसंग्रहाचा ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध केला.

१९३१ मध्ये ते हॉलंडमधील लायडेनच्या केर्न इन्स्टिट्यूटमध्ये गेले आणि १९३६ मध्ये भारतात आले. जर्मनीत तेव्हा हिटलरची सत्ता होती. कलकत्ता विद्यापीठाने १९३८ मध्ये त्यांचे अठराव्या आणि आरंभीच्या एकोणिसाव्या शतकातील भारतीय संस्कृतीच्या संकटावरील पुस्तक काढले. त्यांचा मुद्दा असा : राज्यसत्ता मोडत असतानाच संगीत, चित्रकला, वास्तुकला आणि राहणी यांना एक वेगळीच परिपक्वता आली होती. तख्त खिळखिळे झाले म्हणजे समाजही संपला, असे होत नाही. 'संकट' हा शब्द त्यांनी सोडला नाही, हेही ध्यानात ठेवावे. पुढे आंद्रे विंक, मुझफ्फर आलम, सी. ए. बेली यांनी १९८०च्या दशकात महसूल, व्यापार आणि प्रादेशिक सत्ता यांच्या आधारे हा प्रश्न अधिक भक्कमपणे मांडला.

बडोद्याच्या संग्रहालयाचे प्रमुखपद गोएट्झ यांच्याकडे १९४० मध्ये आले. सयाजीरावांनी उभारलेल्या या संस्थेत भारतीय वस्तूंबरोबर युरोपीय चित्रेही होती. महायुद्धाच्या काळात जर्मन माणसाला ब्रिटिश हिंदुस्थानात राहणे सोपे नव्हते. तरी त्यांनी संग्रहालयाची संशोधनपत्रिका चालवली आणि १९५० मध्ये बिकानेर संस्थानाच्या कला-वास्तूंवरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललितकला विद्याशाखा त्याच वर्षी उभी राहिली. तेथील कला-इतिहासाच्या अध्यापनातही त्यांचा वाटा होता. १९५४ मध्ये दिल्लीच्या जयपूर हाऊसमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झाले, तेव्हा त्याची सूत्रे प्रथम त्यांच्याकडे आली. पुढे ते हायडेलबर्गला परतून तेथे शिकवू लागले. उमेदीची वर्षे विद्यापीठाबाहेर, कपाटातल्या वस्तूंच्या सहवासात गेली. त्यांच्या लेखनाचा जोर नि मर्यादा दोन्ही तिथूनच आल्या असे मला वाटते. ज्या वस्तूला ते हात लावू शकले, तिच्याबद्दल ते नेमके लिहितात. मीराबाईच्या चरित्राची जुळणी करताना मात्र अनुमानांचा धागा फार ताणला जातो. 'बरोक', 'रोकोको' ही युरोपीय नावे भारतीय शैलींना चिकटवण्याची सवयही आज अडचणीची वाटते.

त्यांचा प्रश्न रायपूरच्या विद्यार्थ्याला जवळचा आहे. भास्करपंतांनी १७४१ मध्ये रतनपूरवर स्वारी केली. पुढे १७५८ ते १७८७ या काळात बिंबाजी भोसले यांनी तेथून छत्तीसगडचा कारभार पाहिला. रतनपूरच्या रामटेकडीवरील राममंदिर त्यांच्याच काळातले. स्थानिक इतिहासात या राजवटीचे वर्णन बहुधा लूट आणि वसुली एवढेच येते. ती झाली, हे खरे. पण त्याच वर्षांत मंदिरे कोणी बांधवली, कारागीर कोठून आले, कोणता पोशाख आणि कोणती भाषा नागपूरहून इकडे आली? गोल बाजारात फिरताना कापड, भांडी, पूजासाहित्याची जी नावे कानावर पडतात, त्यांतली मराठी वळणाची कोणती, हे तपासण्यापासूनही सुरुवात करता येईल. असल्या शोधाला गोएट्झ यांनी नक्की कपड्यांच्या दुकानापासूनच हात घातला असता.