पेव्हर ब्लॉक बसवताय? आधी अंगण स्वतः मोजा

कल्याण : भाताची झोडणी उरकली की शहापूर, मुरबाड, भिवंडी आणि कल्याण ग्रामीणमध्ये अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायची कामं निघतात. दरासाठी आपण रुपया-दोन रुपयांची घासाघीस करतो, पण क्षेत्रफळ ठेकेदार सांगेल ते धरतो. खरा फटका तिथेच बसतो.

माझ्याच अंगणाचं सांगतो. समोरची बाजू 32 फूट, मागची 26, डावी 24 आणि उजवी 22. ठेकेदाराने मोठ्या बाजू धरून 32 गुणिले 24, म्हणजे 768 चौरस फूट लिहिले. अंगण मागे निमुळतं आहे, हे धरलंच नाही.

मोजायचं कसं?

1. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत तिरकी दोरी ताणा. दोन त्रिकोण होतात. माझी दोरी 40 फूट भरली.

2. उरलेल्या दोन कोपऱ्यांपासून दोरीपर्यंतचं अंतर गुण्या लावून काटकोनात मोजा. मला 19.2 आणि 13.2 फूट मिळालं.

3. दोन्ही अंतरांची बेरीज 32.4. तिला 40 ने गुणा आणि 2 ने भागा. आलं 648 चौरस फूट.

4. ब्लॉक बसणार नाहीत ती जागा वजा करा. तुळशीवृंदावन 4 बाय 4, म्हणजे 16. उरले 632.

फरक 136 चौरस फुटांचा. दर समजा 70 रुपये असेल, तर 9,520 रुपये जास्तीचे!

इथे चुकू नका

टेपवर 19 फूट 6 इंच आलं तर ते 19.5 होतं, 19.6 नाही. इंचाला 12 ने भागायचं.

ब्रास शब्द नीट विचारून घ्या. फरशी-ब्लॉकचा ब्रास म्हणजे 100 चौरस फूट, कच-खडीचा ब्रास म्हणजे 100 घनफूट. 632 चौरस फुटांवर 2 इंच कच टाकायची तर साधारण 105 घनफूट, म्हणजे एक ब्रासहून थोडी जास्त लागते.

कापाकापीत ब्लॉक तुटतात, म्हणून माल 5 टक्के जादा मागवा. मजुरी मात्र बसवलेल्या जागेचीच द्या. कडेच्या ब्लॉकचा हिशेब रनिंग फुटावर वेगळा लिहून घ्या. अंगणात ट्रॅक्टर येत असेल तर 60 ऐवजी 80 मिलीमीटर जाडीचा ब्लॉक घ्या आणि ते बिलावर लिहायला लावा.

गावातलं काम असेल तर

सरकारी अंदाजपत्रक चौरस मीटरमध्ये असतं. 1 चौरस मीटर म्हणजे 10.764 चौरस फूट. गल्लीची लांबी-रुंदी मोजा. रुंदी कमी-जास्त असेल तर चार-पाच ठिकाणी घेऊन सरासरी काढा. मग अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत माहिती अधिकारात मागा. अर्जाला 10 रुपये लागतात, उत्तराची मुदत 30 दिवस. आपला आकडा आणि पुस्तिकेतला आकडा जुळत नसेल तर ग्रामसभेत विचारा.

काम सुरू होण्याआधी कागदावर एवढं एक वाक्य घ्या : बिल प्रत्यक्ष मोजणीप्रमाणे, मोजणी दोघांसमोर.