दोन कार्ब्युरेटरांचा मोह

मोटार पेट्रोलवर चालते असें म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु वजनाच्या हिशेबानें पाहिलें तर ती हवेवरच अधिक चालते. एक शेर पेट्रोल पुरतें जळावयास सुमारें पंधरा शेर हवा लागते. ही हवा ओढून घेऊन तींत पेट्रोलचे तुषार योग्य प्रमाणांत मिसळण्याचें काम कार्ब्युरेटर करतो. तो एक असावा कीं अनेक, हा प्रश्न जुन्या मोटारींचे शौकीन आजहि चवीनें चर्चितात. आणि महाराष्ट्रांत तो बहुधा कुर्ल्यास बनलेल्या जुन्या फियाटपाशीं येऊन उभा राहतो.

या गाडीचें मूळ शोधूं गेल्यास पुणें जिल्ह्याच्या पूर्व भागांत यावें लागतें. वडगांव निंबाळकर ज्या नीरा डाव्या कालव्याच्या मुलखांत आहे, त्याच मुलखांत पूर्वेस, इंदापूर तालुक्यांत, वालचंदनगर वसलें आहे. सोलापुरास १८८२ सालीं जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनीं येथें ऊंस आणि साखर यांचा उद्योग उभारला. मोटार याच देशांत तयार व्हावी, हा त्यांचा ध्यास. महायुद्धाच्या काळांत इंग्रज सरकारनें या कल्पनेस हात दिला नाहीं. तरी १९४४ सालीं त्यांनीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. कुर्ल्याच्या कारखान्यांत आरंभीं अमेरिकन बनावटीच्या गाड्या जोडल्या जात. १९५३ सालीं शेठजी निवर्तले आणि त्याच सुमारास फियाट ११०० तेथें आली. पुढें ‘डिलाइट’, ‘प्रेसिडेंट’ व ‘पद्मिनी’ अशीं तिचीं नांवें बदलत गेलीं. मुंबईंतील तिच्या शेवटच्या टॅक्सीनें ऑक्टोबर २०२३ मध्यें रजा घेतली.

या गाडीचें इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचें, चार सिलिंडरांचें, आणि कार्ब्युरेटर एकच. संसारी माणसाच्या गाडीस तेंच योग्य होतें. पेट्रोल बेताचें व दुरुस्ती सोपी. परंतु मधोमध बसविलेल्या एका कार्ब्युरेटरांतील मिश्रण चारहि सिलिंडरांस सारखें पोंचत नाहीं. कडेच्या दोघांची वाट लांबची पडते. यावर दोन कार्ब्युरेटरांचा उपाय निघाला. इंग्लंडांत स्किनर बंधूंचा ‘एसयू’ एम. जी. गाड्यांवर जोडीनें बसूं लागला. इटलींत बोलोन्याच्या वेबरनें एकाच अंगांत दोन गळे असलेला कार्ब्युरेटर घडविला. खुद्द फियाटनें १९५३ सालीं ११०० ची वेगवान आवृत्ति काढली, तिला असा दोन गळ्यांचा वेबर दिला. मात्र तेवढ्यावर न थांबतां इंजिनांतील दाबहि वाढविला. येथेंच अनेक हौशी लोक चुकतात. ते कार्ब्युरेटर तेवढे आणतात आणि बाकीचें इंजिन होतें तसेंच ठेवितात.

निवड करतांना साधा हिशेब पुरतो. मिनिटास दोन हजार फेरे घेणारें हें इंजिन फार तर १०८९ लिटर हवा ओढील. सहा हजार फेऱ्यांस ३२६७ लिटर. गळा दुसऱ्या आंकड्यास शोभेल एवढा रुंद घेतला, तर बाजाराच्या गर्दींत हवा त्यांतून मंद वाहते, पेट्रोलचे तुषार न होतां थेंब पडतात आणि गाडी गचके खाते. म्हणून रस्त्यावरच्या गाडीस अरुंद गळ्याची जोडी बरी. शिवाय दोन्ही झडपा एकाच क्षणीं उघडल्या पाहिजेत. कुशल मिस्त्री रबरी नळीचें एक टोंक कानाशीं व दुसरें प्रत्येक गळ्याशीं धरून हवेचा आवाज ऐकतो. दोन्हींकडे तो सारखा आला म्हणजे जोडी जुळली.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. कार्ब्युरेटर बदलला तर परत लावतां येतो. नव्या जोडीसाठीं इंजिनाचें डोकें एकदां कोरलें कीं तें पूर्ववत् होत नाहीं. कुर्ल्यास आतां या गाड्या बनत नाहींत आणि उरलेल्या दरवर्षीं घटत आहेत. तेव्हां ज्याला वेगाची हौस असेल, त्यानें ती बोल्टांनीं बसेल आणि बोल्टांनींच निघेल एवढ्यावर भागवावी. आणि जुना कार्ब्युरेटर तेल लावून, फडक्यांत गुंडाळून, माळ्यावर जपून ठेवावा. पुढचा मालक त्याला विचारल्यावांचून राहणार नाहीं.