दीर्घिका : अंतराच्या मोजणीतून उलगडलेले विश्व

ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील निरभ्र रात्री, शहरी दिव्यांपासून दूर गेल्यास, शर्मिष्ठा तारकासमूहाच्या जवळ एक पुसट, लांबट ठिपका नुसत्या डोळ्यांनाही दिसतो. ही देवयानी दीर्घिका होय. तिचा आज आपल्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे.

गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधलेले अब्जावधी तारे, वायू, धूळ आणि अदृश्य कृष्णद्रव्य यांच्या समुच्चयास दीर्घिका म्हणतात. मराठीत ‘आकाशगंगा’ हा शब्द अनेकदा सर्वच दीर्घिकांसाठी वापरला जातो. काटेकोर अर्थाने ते फक्त आपल्या दीर्घिकेचे नाव आहे. तिचा व्यास सुमारे १ लाख प्रकाशवर्षे असून, एक प्रकाशवर्ष म्हणजे जवळजवळ साडेनऊ लाख कोटी किलोमीटर.

आकाशगंगेपलीकडे अशा आणखी दीर्घिका आहेत, हे शंभर वर्षांपूर्वीपर्यंत सिद्ध झालेले नव्हते. देवयानीचा ठिपका आकाशगंगेतलाच वायूमेघ, की स्वतंत्र तारकाविश्व? १९२० मध्ये वॉशिंग्टन येथे हार्लो शॅपली आणि हीबर कर्टिस यांच्यात या विषयावर जाहीर वाद झाला. तो निकाली निघाला नाही, कारण अंतर मोजण्याचे खात्रीचे साधन कोणी तेथवर पोहोचवले नव्हते.

साधन मात्र तयार होते. हार्वर्ड वेधशाळेत छायाचित्रांच्या काचपट्ट्या तपासण्याचे काम अल्प वेतनावर करणाऱ्या हेन्रिएटा लेव्हिट यांनी लहान मॅगेलन मेघातील २५ रूपविकारी ताऱ्यांचा अभ्यास १९१२ मध्ये प्रसिद्ध केला. सेफीड प्रकारच्या या ताऱ्यांचे तेज ठरावीक कालावधीने कमी-जास्त होते. हे सर्व तारे एकाच मेघात, म्हणजे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर होते; त्यामुळे त्यांच्या तेजातला फरक हा खरा फरक मानता येत होता. जितका कालावधी मोठा तितका तारा अधिक तेजस्वी, असा नियम त्यांना आढळला. दिव्याची खरी शक्ती ठाऊक असेल, तर तो किती मंद दिसतो यावरून त्याचे अंतर काढता येते. लेव्हिट यांनी आकाशातील दिव्यांची शक्ती ओळखण्याची रीत दिली होती.

१९२३ मध्ये एडविन हबल यांना माउंट विल्सन वेधशाळेच्या शंभर इंची दुर्बिणीतून देवयानीत सेफीड तारा सापडला. त्यांनी काढलेले सुमारे ९ लाख प्रकाशवर्षांचे अंतर प्रत्यक्षापेक्षा बरेच कमी होते, तरीही देवयानी आकाशगंगेबाहेर आहे हे ठरण्यास ते पुरेसे होते. लेव्हिट तो दिवस पाहू शकल्या नाहीत. १९२१ मध्ये त्यांचे निधन झाले होते.

अंतरे हाती येताच विश्वरचनाशास्त्राला पाया मिळाला. दूर जाणाऱ्या दीर्घिकेच्या प्रकाशाची तरंगलांबी वाढून तो लाल रंगाकडे सरकतो. यास ताम्रसृती म्हणतात. दीर्घिका जितकी दूर, तितका तिचा दूर जाण्याचा वेग अधिक, असे हबल यांनी १९२९ मध्ये मांडले. जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ मध्येच प्रसरण पावणाऱ्या विश्वाची ही मांडणी केली होती. येथे दीर्घिका एखाद्या केंद्रापासून उधळत नाहीत, त्यांच्यामधील अवकाशच ताणले जाते. हे प्रसरण मागे मोजत नेल्यास विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे येते.

ताम्रसृतीमुळे अतिदूरच्या रचनांचा नकाशाही काढता येतो. पुण्यातील आयुका आणि आयसर या संस्थांच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या गटाने २०१७ मध्ये जाहीर केलेला ‘सरस्वती’ हा दीर्घिकांचा महासमूह असाच उजेडात आला. तो सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर असून त्याचा विस्तार जवळपास ६० कोटी प्रकाशवर्षे आहे.

प्रसरणाच्या आजच्या वेगाबाबत मात्र एकमत नाही. सेफीड आणि स्फोट पावणारे तारे यांच्या आधारे केलेल्या प्रमुख मोजमापांनुसार, दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे तो सेकंदाला सुमारे ७३ किलोमीटर भरतो. विश्वाच्या बाल्यावस्थेतील प्रारणावरून, प्रचलित सिद्धान्त गृहीत धरून, काढलेला आकडा सुमारे ६७ आहे. सेफीडच्या मोजणीतच चूक असावी, अशी एक शंका होती. जेम्स वेब दुर्बिणीने त्याच ताऱ्यांची अधिक स्पष्ट निरीक्षणे घेतल्यावर हबल दुर्बिणीची सेफीड मोजमापे योग्य असल्याचे दिसले. म्हणजे एक तर मोजणीत अन्यत्र काही सूक्ष्म त्रुटी दडली आहे, किंवा कृष्णद्रव्य व कृष्णऊर्जा यांवर उभा असलेला आजचा सिद्धान्त अपुरा आहे. दोन्ही शक्यता तपासणे सुरू आहे.