कारवान कुत्र्याची कुळकथा

कारवान हा दख्खनच्या उघड्या माळावरचा शिकारी कुत्रा. मराठवाड्यात त्याला कारवान किंवा कारवानी म्हणतात, कानांवर आणि शेपटीवर झालरीसारखे केस असलेल्याला पश्मी, आणि कर्नाटकाच्या बाजूला जवळपास याच बांध्याच्या कुत्र्याला मुधोळ. शिकारी कुत्र्यांत दोन तऱ्हा असतात. एक नाकाने माग काढत जातो. दुसरा नजरेने सावज हेरतो आणि केवळ पळून ते गाठतो. कारवान दुसऱ्या तऱ्हेचा. लांब चिंचोळे तोंड, खोल छाती, आत गेलेले पोट, लवचीक कणा, पातळ कातडी आणि अंगावर नावापुरती चरबी ही या घराण्याची लक्षणे आहेत. भरधाव पळताना अशा कुत्र्याचे चारही पाय एका ढांगेत दोनदा जमीन सोडतात, एकदा अंग आखडलेले असताना आणि एकदा पुरते ताणलेले असताना.

हे घराणे मोठे आहे. अरबस्तान-इराणकडचा सलुकी, मध्य आशियातला ताझी, उत्तर आफ्रिकेतला स्लूगी आणि इंग्लंडचा ग्रेहाउंड हे सगळे त्यातलेच. इंग्लंडात ग्रेहाउंडचा संकर मेंढ्या राखणाऱ्या किंवा बिळात शिरणाऱ्या कुत्र्यांशी करून लर्चर तयार झाला. ग्रेहाउंड उमरावाच्या दारी बांधलेला असे. लर्चर गरिबाचा, बऱ्याचदा चोरून ससे मारणाऱ्याचा. कारवानाचे आयुष्य ग्रेहाउंडपेक्षा लर्चरच्या जवळचे आहे, त्याच्याभोवती राजेरजवाड्यांच्या कितीही गोष्टी रचल्या गेल्या तरी.

घाटाखाली हा कुत्रा मूळचा नाही. उदाहरणार्थ, विरार-वसईची जमीन म्हणजे खाडी, मिठागरे, भातखाचरे आणि पूर्वेला तुंगारेश्वरचे झाडीने भरलेले डोंगर. जिथे सावज शंभर पावलांत झुडपाआड होते, तिथे नजरेने शिकार करणाऱ्याचा उपयोग नाही. कारवान घडला तो पर्जन्यछायेतल्या कोरड्या, मोकळ्या मुलखात: लातूर, नांदेड, सोलापूर, सांगलीचा पूर्व भाग आणि पलीकडे विजापूर-बागलकोट.

त्याचा जन्म नेमका कधीचा, हे सांगणारा एकही कागद नाही. मात्र या पठारावर कुत्र्याची कदर जुनी आहे. प्रवरेकाठच्या दायमाबादला 1974 मध्ये ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. त्यांतल्या बैलजोडीच्या रथाच्या दांडीवर एक कुत्रा उभा आहे. त्याच्या जातीबद्दल काही म्हणणे धाडसाचे, पण घडवणाऱ्याला त्याला रथावर जागा द्यावीशी वाटली. शिकारी कुत्र्याचा पक्का पुरावा दहाव्या शतकातला आहे. कर्नाटकातल्या आतकूर इथला इसवी सन 949-50 चा शिलालेख राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाच्या काळातला. गंग राजा बुतुग याने मनलेर नावाच्या वीराला त्याच्या मागणीवरून ‘काळी’ नावाचा शिकारी कुत्रा दिला. रानडुकराशी झुंजताना काळी आणि डुक्कर दोघेही मेले, आणि कुत्र्याच्या स्मरणार्थ दगड उभा राहिला, त्याच्या पूजेसाठी जमीनही तोडून दिली गेली. पुढे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 1129 च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये ‘सारमेयविनोद’, म्हणजे कुत्र्यांचा खेळ, हे स्वतंत्र प्रकरण आहे. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, लातूरच्या सीमेला लागूनच. खंडोबाच्या घोड्यासोबत कुत्रा असतो आणि खंडोबाचे भक्त वाघ्ये कुत्र्यासारखे भुंकून कोटंबा नावाच्या पात्रातले अन्न खातात, हेही याच मुलखातले.

म्हणून हा कुत्रा सगळाच्या सगळा बाहेरून आला, असे म्हणता येत नाही. तरी त्याचा बांधा सलुकी-ताझीची आठवण करून देतो आणि कारवान व पश्मी ही दोन्ही नावे फारसीतली आहेत. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर पश्चिम आशियातून कुत्रे आले, त्यांवरून कारवान नाव पडले, असे परंपरा सांगते. हे न पटण्याजोगे नाही. दख्खनच्या सुलतानांकडे घोडे अरबस्तानातून येत, आणि घोड्यांच्या वाटेने कुत्रेही येऊ शकतात. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथे अरब आणि रोहिले शिपाई म्हणून, पुढे सावकार म्हणूनही, खेड्यापाड्यांत वावरत होते. बाहेरचे रक्त एकदाच नव्हे, अनेकदा आणि अनेकांच्या हातून मिसळले असावे, हाच तर्क जास्त सयुक्तिक वाटतो.

मुधोळची गोष्ट सर्वांत प्रसिद्ध. मुधोळ हे घोरपड्यांचे मराठी संस्थान. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी बेरडांसारख्या शिकारी लोकांकडचे कुत्रे पाहून त्यांची पैदास केली आणि एक जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला भेट दिली, असे सांगतात. राजाने नाव दिले, प्रतिष्ठा दिली. कुत्रा मात्र आधीच तयार होता. त्याला घडवले ते शिकारीवर पोट असणाऱ्यांनी आणि मेंढपाळांनी. जो कुत्रा ससा धरी त्याची पिल्ले ठेवली जात, जो मागे पडे त्याची नाही. वंशावळ कुणी लिहिली नाही, पण निवड कडक होती.

अशा लोकांच्या जगण्यात कुत्र्याचे काम काय होते याची कल्पना कैलाश मल्होत्रा आणि माधव गाडगीळ यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींवर केलेल्या अभ्यासातून येते. फासेपारधी काळवीट आणि पाखरे फाशांनी धरत. वैदू लहान मांसभक्षक प्राण्यांसाठी सापळे लावत. तिरमल नंदीवाले कुत्र्यांच्या मदतीने साळिंदर, घोरपड, रानडुक्कर मारत. एकाच माळावर तिघे फिरत, पण सावज आणि साधन वेगळे असल्याने एकमेकांच्या वाट्याला जात नसत. इथे कुत्रा शौक नव्हता, हत्यार होता.

हत्याराचे काम कायद्याने संपले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काही प्राण्यांची शिकार परवान्यावर करता येई. 1991 च्या दुरुस्तीने तीही वाट बंद झाली. आज ससा पकडणे हा गुन्हा आहे, मग धरणारा माणूस असो वा त्याने सोडलेला कुत्रा. मोकाट कुत्र्यांनी काळवीट-चिंकाऱ्यांना पळवून मारणे आणि अशा कुत्र्यांमार्फत डिस्टेंपरसारखे रोग रानात जाणे, ही माळरानावरची खरी अडचण आहे. कारवानाकडे आता शेताची राखण, प्रदर्शने आणि गावोगावच्या शर्यती उरल्या. शर्यतीसाठी ग्रेहाउंडचा संकर होतो. वेग वाढतो, पण उन्हात टिकण्याचा आणि कोरड्या अन्नावर निभावण्याचा गुण पातळ होतो. हा सौदा तोट्याचा आहे.

पालनाची रीत मुळात साधी होती: ज्वारी किंवा मक्याची भाकरी, दूध-ताक, जमेल तेव्हा मांस, आणि भरपूर पळणे. बरगड्या किंचित दिसणे हे या कुत्र्याच्या तब्येतीचे लक्षण आहे, उपासमारीचे नव्हे; त्याला गुबगुबीत करणारा मालक त्याचे सांधे बिघडवतो. खोल छातीमुळे पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो, म्हणून पळण्याआधी आणि पळून आल्याबरोबर खाऊ घालत नाहीत. तापलेले अंग निवल्यावर थोडे थोडे पाणी देतात. पळून आल्यावर पंजाच्या गाद्या आणि नखे तपासणे नेमाचे. पातळ कातडी काटेरी तारेने सहज फाटते. ग्रेहाउंडच्या घराण्यात काही जुनी भुलीची औषधे शरीरातून सावकाश बाहेर पडतात, तेव्हा शस्त्रक्रियेआधी कुत्र्याची जात डॉक्टरांना सांगावी.

विरारसारख्या ठिकाणी हा कुत्रा आणणाऱ्याने आणखी विचार करावा. दमट हवेत गोचीड आणि गोचीडतापाचा त्रास जास्त. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, त्यामुळे रेबीजबरोबर त्याचीही लस वेळेवर हवी. गुळगुळीत फरशीवर पाय घसरून सांधे दुखावतात. पट्टा सोडला की नजरेसमोरून पळणाऱ्या मांजराच्या मागे तो हाक न ऐकता रस्ता ओलांडतो. तुंगारेश्वर अभयारण्याच्या कडेला तर त्याला मोकळा सोडूच नये. कुंपण असलेले मैदान मिळत नसेल, तर हा कुत्रा फ्लॅटसाठी नाही.

नावाचा घोळ अजून मिटलेला नाही. केनेल क्लब ऑफ इंडिया कारवान हे नाव लावते, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ. टपाल खात्याने 2005 मध्ये काढलेल्या देशी कुत्र्यांच्या चार तिकिटांवर मुधोळ आहे. कर्नाटकाने मुधोळजवळ तिम्मापूरला संशोधन केंद्र उभारले, आणि 2016 मध्ये तिथली पिल्ले मेरठला लष्कराच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी गेली. महाराष्ट्राच्या बाजूला लातूर जिल्ह्यातले जानवळ कारवान-पश्मीसाठी ओळखले जाते, आणि नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांबरोबर कुत्र्यांचेही प्रदर्शन भरते. पिल्लू घेणाऱ्याने अशा ठिकाणी जाऊन त्याचे आई-बाप डोळ्यांनी पाहावेत, आणि पैदास करणाऱ्याने निदान तीन पिढ्यांची नोंद वहीत लिहून ठेवावी.