गोचरी : उंबरठ्यावरील दान आणि मानवशास्त्राचा शोध

भगवान ऋषभदेव दीक्षेनंतर आहारासाठी विहार करू लागले, तेव्हा लोकांनी त्यांच्यापुढे हत्ती, घोडे, रत्ने आणि वस्त्रालंकार ठेवले. परंतु साधूला अन्न कसे द्यावे हे कोणासही ठाऊक नव्हते, असे परंपरा सांगते. अखेर हस्तिनापुरात श्रेयांसकुमाराने इक्षुरसाचे दान दिले आणि प्रभूंचे पारणे झाले. वर्षीतपाची पारणी अक्षय्य तृतीयेस आजही उसाच्या रसानेच होतात. देण्याची इच्छा असणे सोपे, देण्याची रीत उमगणे अवघड, हा या कथेचा बोध होय. हीच रीत विसाव्या शतकाच्या अखेरीस मानवशास्त्रातील एका जुन्या प्रश्नाच्या चर्चेत केंद्रस्थानी आली, हे मात्र समाजात फारसे कोणास ज्ञात नाही.

देण्याघेण्याचा प्रश्न

कोण कोणास अन्न देतो आणि कोण कोणाच्या हातचे खातो, यावरून समाजाची घडण कळते, असे मानवशास्त्र मानते. फ्रेंच विचारवंत मार्सेल मॉस यांनी १९२५ मध्ये भेटवस्तूंवरील आपल्या प्रसिद्ध निबंधात असे प्रतिपादन केले की, देण्याबरोबर स्वीकारण्याचे आणि परतफेडीचे बंधन आपोआप येते. पेढीच्या भाषेत सांगावयाचे तर प्रत्येक भेट ही कोणाच्या तरी नावे पडलेली रक्कम असते. ती आज ना उद्या जमा व्हावीच लागते.

अमेरिकन अभ्यासक मॅकिम मॅरियट यांनी उत्तर प्रदेशातील एका खेड्यातील अन्नव्यवहार तपासून १९६८ मध्ये दाखविले की, तेथे अन्न देणारी जात वरची आणि घेणारी खालची ठरते. पुढे जोनाथन पॅरी यांनी १९८६ मध्ये काशीतील पुरोहितांच्या अभ्यासातून वेगळी बाजू पुढे आणली. तेथे दानाची परतफेड होत नाही. परंतु दात्याचे पाप दानासोबत घेणाऱ्याकडे जाते, अशी त्या पुरोहितांचीच धारणा आहे. एकूण काय, देणारा आणि घेणारा कोणत्या ना कोणत्या धाग्याने बांधलेले राहतात. मग कोणासही न बांधणारे दान जगात आहे काय?

जैन घरातील उत्तर

जैन समाजाच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया कोल्हापूरचे समाजशास्त्रज्ञ डॉ. विलास संगवे यांनी १९५९ च्या आपल्या सामाजिक पाहणीच्या ग्रंथाने घातला. त्यानंतर मायकेल कॅरिदर्स यांनी दक्षिण महाराष्ट्रातील दिगंबर समाजाचा, तर केंब्रिजच्या अभ्यासकांनी जयपूरच्या श्वेतांबर समाजाचा अभ्यास केला. त्यांपैकी जेम्स लेडलॉ यांनी २००० मध्ये केवळ गोचरीवर एक निबंध लिहिला. निखळ दान मैत्री जोडत नाही, असा त्याच्या शीर्षकाचा आशय आहे.

श्वेतांबर साधुसाध्वी आमंत्रणावरून येत नाहीत. गाय जशी थोडे थोडे चरत पुढे जाते, तसे ते प्रत्येक घरातून अल्पसे वहोरतात. अन्न त्यांच्यासाठी रांधलेले असता कामा नये. तसे असल्यास तो दोष होय. असे बेचाळीस दोष शास्त्राने सांगितले आहेत. आग्रह गृहस्थाने करावयाचा आणि 'पुरे' साधूने म्हणावयाचे. आभार कोणी मानीत नाही. 'धर्मलाभ' हा शब्द मात्र उच्चारला जातो. उपाश्रयात सर्व घरचे अन्न एकत्र होते, त्यामुळे कोणता घास कोणाचा हे उरतच नाही. लेडलॉ यांच्या मते, ऋण आणि मैत्री यांचा प्रत्येक धागा येथे जाणीवपूर्वक तोडलेला आहे.

दिगंबर परंपरेत विधी निराळा, भाव तोच. श्रावक दारी पडगाहन करतो. मुनी मनात धरलेला नियम जुळला तरच थांबतात आणि दिवसातून एकदाच, उभ्याने, हाताच्या ओंजळीत आहार घेतात. केस वा जीव आढळल्यास अंतराय होतो आणि मुनी तसेच परततात. दात्यास रुखरुख लागते. परंतु हक्क सांगता येत नाही. आचार्य शांतिसागर महाराजांनी (१८७२-१९५५) विसाव्या शतकात मुनिपरंपरेस नवे चैतन्य दिले आणि महाराष्ट्र-कर्नाटकातील कितीतरी घरांना ही रीत पुन्हा प्रत्यक्ष अनुभवावयास मिळाली.

मंदिरातही हेच तत्त्व दिसते. लॉरेन्स बॅब यांनी १९९६ च्या ग्रंथात नोंदविले की, जिनप्रतिमेपुढे ठेवलेले नैवेद्य आणि फळ प्रसाद म्हणून परत घेतले जात नाही. वीतराग प्रभू काही स्वीकारीत नाहीत. म्हणून तेथे देणे म्हणजे सोडणे.

स्वयंपाकघराची नोंद

या दानाचा भार प्रत्यक्षात कोण वाहते? जोसेफिन रेनेल यांनी १९८५ च्या प्रबंधात जयपूरच्या स्त्रियांविषयी लिहिताना दाखविले की, पुरुषांची धार्मिकता प्रामुख्याने दानातून, तर स्त्रियांची उपवासातून प्रकट होते. व्हिटनी केल्टिंग यांनी पुण्यातील जैन महिला मंडळांच्या स्तवनांवर २००१ मध्ये ग्रंथ लिहिला आणि २००९ च्या ग्रंथात विवाहित स्त्रियांच्या व्रतांचा विचार केला. उकाळलेले पाणी, सूर्यास्तापूर्वीचा चौविहार, तिथीला वर्ज्य असणारी हिरवी भाजी, आयंबिलाचे तेल-तूप-दूधविरहित रांधणे, हे सर्व शास्त्र गृहिणीच्या हातात असते.

लंडनच्या सोआस संस्थेत २००४ मध्ये जैन अध्ययन केंद्र आणि २००७ मध्ये अन्न अध्ययन केंद्र स्थापन झाले. विद्वान आणि समाज यांची तेथे भेट होते. परंतु हे बहुतेक लेखन इंग्रजीत आहे. ज्या घरांतून हे ज्ञान निघाले, त्या घरांपर्यंत ते अद्याप परतलेले नाही.

दुसरीकडे ती घरेच बदलत आहेत. बंद फाटके, उद्वाहने, दिवसभर कुलूप असणारी दारे. घरे मिळेनाशी झाली की साधूंसाठी वेगळे रांधण्याची पाळी येते आणि मग दोष टळत नाही.

शास्त्राने अभय, सुपात्र, अनुकंपा, उचित आणि कीर्ती अशी पाच दाने सांगितली आहेत. विश्वस्त संस्थांच्या दप्तरी कीर्तिदानाच्या पन्नास वर्षांच्या पावत्या असतात. बोली कोणी घेतली, शिला कोणी बसविली, हे सांगता येते. सुपात्रदानाची पावती नसते आणि ती नसावी, हेच त्याचे मोठेपण होय. म्हणून देणाऱ्यांची नावे नकोत. परंतु रीत तरी लिहून ठेवावी. वयोवृद्ध माताभगिनींकडून ती समजून घेऊन मराठीत नोंदविण्याचे कार्य सुवर्णमहोत्सवी वर्षात सुरू झाले, तर श्रेयांसकुमाराच्या काळातील तो प्रश्न पुढील पिढीस पुन्हा पडणार नाही.