९ मार्च २०१५ : जुलाबावर पाच थेंब
रोटाव्हायरसच्या जुलाबाने देशात वर्षाला पाच वर्षांखालची सुमारे ७८ हजार मुले दगावत, असा अंदाज होता. त्यावरची पहिली देशी लस, ‘रोटाव्हॅक’, या दिवशी दिल्लीत सादर झाली. तिचे बीज सापडले एम्समधल्या ठणठणीत तान्ह्यांच्या विष्ठेत: ‘११६ई’ हा रोटाव्हायरस त्यांना आजारी पाडत नव्हता. हे हेरले डॉ. महाराज किशन भान यांनी. मोठी चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुण्याजवळच्या वढूत झाली. पहिल्या वर्षी रोटाव्हायरसच्या गंभीर जुलाबापासून संरक्षण ५६ टक्के. आकडा बेताचा, पण ७८ हजारांच्या हिशेबात मोठाच. आता आपल्याकडच्या बाळालाही सरकारी लसीकरणात सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्यात रोटाची लस फुकट मिळते. तरी जुलाब लागलेच, तर अंगावरचे दूध चालू ठेवून ओआरएस पाजावे.