अरबी समुद्राचे हिरवे हंगाम

कोल्हापूरच्या बाजारात बांगडा आणि तारली येते ती रत्नागिरी, देवगड, मालवणच्या बंदरांतून, घाट चढून. याच घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर कोसळणारा पाऊस अरबी समुद्रावरून आलेल्या वाऱ्यांचा असतो. मासळी आणि पाऊस यांचा हिशेब आपण वेगवेगळ्या वह्यांत मांडतो. दोन्हींच्या मुळाशी तेच मोसमी वारे आहेत, हे शास्त्राला नीट उलगडायला मात्र विसाव्या शतकाचा बराच भाग खर्ची पडला.

या संबंधातला मधला दुवा आहे वनस्पतीप्लवक. पाण्याबरोबर वाहत जाणाऱ्या या सूक्ष्म, बहुतेक एकपेशीय सजीवांवर समुद्रातली जवळजवळ सगळी अन्नसाखळी उभी असते. शेतातल्या पिकाप्रमाणे त्यांनाही ऊन आणि खत लागते. उष्ण कटिबंधात उन्हाला तोटा नाही. अडचण खताची आहे. मेलेले जीव खाली बुडतात, कुजतात आणि त्यांच्यातले नायट्रेट, फॉस्फेट खोल, थंड, जड पाण्यात साठते. वर मात्र तापलेल्या हलक्या पाण्याचा थर झाकणासारखा बसलेला असतो. म्हणून उष्ण प्रदेशातला निळाशार, नितळ समुद्र बहुधा उपाशी समुद्र असतो. झाकण उघडले तरच तो हिरवा होतो.

आपल्या किनाऱ्यावर या प्रश्नाची सुरुवात प्रयोगशाळेतून झाली नाही, ती तारलीपासून झाली. एखाद्या वर्षी तारलीचे ढीग लागतात आणि पुढच्या वर्षी जाळी रिकामी येतात, याचे कारण मद्रास इलाख्याच्या मत्स्य खात्याला हवे होते. जेम्स हॉर्नेल आणि रामस्वामी नायडू यांनी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीस मलबार किनाऱ्यावरील तारलीचे जीवनचक्र आणि तिथले प्लवक यांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे १९५५ मध्ये आर. व्ही. नायर आणि आर. सुब्रह्मण्यन यांनी ‘फ्रॅजिलेरिया ओशिॲनिका’ या एकाच जातीच्या डायटमची विपुलता हा तारलीच्या विपुलतेचा संकेत मानता येईल, असे मांडले. सुब्रह्मण्यन यांच्याच कालिकतच्या नोंदींतून प्लवकांचा बहर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या महिन्यांत येतो, हे स्पष्ट झाले. आकाश ढगाळलेले असते, ऊन कमी असते, तेव्हाच पीक जोमात येते. म्हणजे नड उन्हाची नव्हती, खताचीच होती.

किनाऱ्यापलीकडच्या समुद्राची पाहणी तोवर फारशी झाली नव्हती. १९३३-३४ मध्ये सीमोर सीवेल यांच्या नेतृत्वाखाली जॉन मरे मोहीम ‘मबाहिस’ या इजिप्शियन जहाजातून अरबी समुद्रात फिरली. सीवेल त्याआधी भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक होते. अरबी समुद्राच्या मध्यम खोलीवर प्राणवायू अत्यंत कमी असलेला जाड थर आहे, याची ठळक नोंद या मोहिमेने केली. वर भरघोस पीक आले की त्याचा पाचोळा खाली पडतो आणि तो कुजताना प्राणवायू संपतो. या थराचे ते एक मोठे कारण आहे.

स्वातंत्र्यानंतर आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम (१९५९ ते १९६५) आली. अनेक देशांच्या जहाजांबरोबर भारतीय नौदलाचे ‘कृष्णा’ही तीत होते. गोळा झालेले प्लवकांचे नमुने वेगळे करण्यासाठी कोचीनला १९६२ मध्ये स्वतंत्र केंद्र निघाले. मोहिमेच्या भारतीय कामाची धुरा सांभाळणारे एन. के. पणिक्कर हेच १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले. ही संस्था पुढे गोव्यात दोना पावला येथे स्थिरावली.

या कामातून उभे राहिलेले चित्र थोडक्यात असे. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा जोरदार वारा सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगत वाहतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचे पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर ढकलले जाते आणि त्याची जागा घ्यायला खालचे थंड, खतयुक्त पाणी वर येते. केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यावरही हे घडते, पण सौम्यपणे. उत्तरेकडे, गोवा-कोकणाकडे येईतो त्याचा जोर आणखी ओसरतो. शिवाय आपल्या किनाऱ्यावर सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्यांचे गोडे, हलके पाणी समुद्रावर पसरते आणि त्याचेही एक झाकण तयार होते. त्याखाली अडकलेल्या पाण्यातला प्राणवायू ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास काही ठिकाणी पार संपतो. पाऊस जमिनीला जे देतो, त्याची थोडी किंमत समुद्रतळाला मोजावी लागते.

दुसरा हंगाम उपग्रहामुळे ठसठशीत दिसला. समुद्राचा रंग टिपणारे पहिले उपकरण १९७८ ते १९८६ या काळात अवकाशात होते. त्याच्या चित्रांवरून कार्ल बान्से आणि चार्ल्स मॅक्लेन यांनी १९८६ मध्ये उत्तर अरबी समुद्रातला हिवाळी बहर दाखवला. हिवाळ्यात किनाऱ्याचे पाणी वर ओढणारा तो वारा नसतो, मग खत कुठून येते? १९९६ मध्ये गोव्याच्या संस्थेतील एम. मधुप्रताप आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिले. ईशान्येचा कोरडा, गार वारा पृष्ठभाग थंड करतो, बाष्पीभवनाने तो खारट आणि जड होतो, बुडतो. समुद्र सुमारे शंभर मीटरपर्यंत ढवळला जातो आणि नायट्रेट वर येते. एकच समुद्र, वर्षात दोन पिके, नांगरणीच्या दोन तऱ्हा.

इथपर्यंत चित्र सुसंगत होते. खरा वाद तापमानवाढीने उभा केला. पूर्वी गोव्यात काम केलेले जोआकिम गोएस आणि सहकारी यांनी २००५ मध्ये मांडले की, १९९७ ते २००४ या काळात पश्चिम अरबी समुद्राच्या किनारपट्टीवर उन्हाळी मोसमातले हरितद्रव्य साडेतीनशे टक्क्यांहून अधिक वाढले. युरेशियातला बर्फ घटला, जमीन अधिक तापली, वारे जोमदार झाले, ही त्यांची मीमांसा. दोन वर्षांनी अहमदाबादच्या सत्यप्रकाश आणि आर. रमेश यांना ईशान्य अरबी समुद्रात अशी वाढ आढळली नाही. आणि २०१६ मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने नेमके उलटे सांगितले: पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत प्लवकांचे प्रमाण सुमारे वीस टक्क्यांपर्यंत घटले असावे, कारण तापणारे पाणी झाकण अधिक घट्ट करते.

यात कुणी एक खोटा ठरत नाही. वारा वाढला तर झाकण उघडते, उष्णता वाढली तर ते मिटते. दोन्ही ओढी खऱ्या आहेत. फरक कोणता किनारा आणि कोणती वर्षे निवडली याचा आहे. १९९७ हे प्रबळ एल निनोचे वर्ष होते. अशा वर्षापासून काढलेली सात-आठ वर्षांची रेघ दीर्घकालीन कल म्हणून वाचण्यात धोका असतो.

केवळ किती नव्हे, तर कोणते पीक, हा प्रश्नही आहे. हिवाळी बहरात जिथे डायटम असत, तिथे गेल्या काही दशकांत ‘नॉक्टिल्युका’ मोठ्या प्रमाणावर दिसू लागला. रात्री लाटा निळ्या चमकतात, तो हाच जीव. पर्यटकांना त्याचे अप्रूप वाटते. पण तो डायटम खातो, आणि स्वतः मात्र लहान माशांच्या खाद्यसाखळीत फारसा उपयोगी पडत नाही. तो का फोफावला, कमी प्राणवायूमुळे की अन्य कारणाने, यावरही मतभेद आहेत.

मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ची. पावसाचा कल सांगताना आपल्या हाताशी दीड शतकाच्या नोंदी असतात. समुद्राच्या हिरवेपणाच्या सलग उपग्रह-नोंदी १९९७ पासूनच्या, आणि गोव्यात कांदोळीसमोर एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा पाणी तपासण्याचा उपक्रमही त्याच वर्षापासूनचा. हैदराबादहून मच्छीमारांना मिळणाऱ्या सूचना आज मासा कुठे सापडेल ते सांगतात; वीस वर्षांनी सापडेल का, ते सांगू शकत नाहीत. त्या उत्तरासाठी फार भव्य मोहीम नको, त्याच जागी, त्याच पद्धतीने, वर्षानुवर्षे पाणी मोजत राहणारी माणसे हवीत. अशा कामाला गौरव कमी आणि निधी त्याहून कमी मिळतो. पण होडी विकत घेण्यासाठी कर्ज काढणाऱ्या मालवणच्या तरुणाचा भरवसा शेवटी याच कंटाळवाण्या नोंदवहीवर असणार आहे.